रोपांना बाहेरचे वारे

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी मिरचीचे आणि वांग्याचे बी पेरते, मार्चच्या मध्यावर टोमॅटोचे आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दोडक्याचे. जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात, पहिल्या मजल्यावरील आमच्या घरात, ही सगळी रोपे मे महिना उजाडेपर्यंत खिडक्यांच्या कट्ट्यांवरच वाढतात; कारण बाहेरची माती ऊबदार होण्याची वाट पाहून मग बी टाकले, तर मिरची लाल होण्याआधीच ऑक्टोबरचा गारठा येऊन ठेपतो. बी उगवणे, रोपे विलग करून ९ सेंटिमीटरच्या लहान कुंड्यांत लावणे, ही कामे मला पहिल्याच वर्षी बऱ्यापैकी साधली. साधले नाही ते पुढचे काम, म्हणजे घरात वाढलेल्या रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावण्याचे. जर्मन भाषेत याला 'आबहेर्टन' म्हणतात आणि हाच शब्द माणसांना गार पाण्याची, वाऱ्याची सवय लावून काटक करण्यासाठीही वापरतात. आपल्याकडे रोपवाटिकेत 'हार्डनिंग' म्हणतात, किंवा सरळ 'रोपे कणखर करणे' म्हणतात.

पहिल्या वर्षी मला भीती होती ती फक्त थंडीची. एप्रिलच्या उत्तरार्धात एके शनिवारी आकाश स्वच्छ होते, तापमान १४ अंश होते आणि मी स्वतः अंगात लोकरीचा स्वेटर घालून बाल्कनीत उभी होते. इतक्या गार हवेतल्या उन्हाचा झाडाला त्रास होईल, असे माझ्या मनातही आले नाही. उलट अडीच महिने काचेआड राहिलेल्या रोपांना खऱ्या उन्हाचा लाभ होईल, या आनंदात मी सकाळी दहा वाजता सर्व कुंड्या आग्नेयेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत मांडल्या आणि ऊन सरल्यानंतरही चार वाजेपर्यंत तिथेच ठेवल्या. संध्याकाळी पानांची तकाकी गेलेली दिसली. दुसऱ्या दिवशी मिरचीच्या वरच्या पानांवर शिरांच्या मधोमध पांढुरके चट्टे उमटले आणि तिसऱ्या दिवशी ते चट्टे कागदासारखे वाळून गेले. बुरशी आली, असे समजून मी औषध शोधू लागले. जुन्नर तालुक्यात माझ्या मामांची शेती आहे आणि नारायणगावच्या बाजारात त्यांचा टोमॅटो जातो, म्हणून त्यांना फोनवर पाने दाखवली. त्यांनी क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "अगं, रोग कसला? उन्हाने भाजलंय ते." मी म्हटले की मामा, इथे स्वेटर घालावा लागतो. त्यावर ते म्हणाले, "थंडी तुला वाजत्येय. ऊन पानावर पडलंय."

मामांचे ते वाक्य मला नंतर हिशेब मांडल्यावर नीट उमगले. सूर्याची आकाशातील उंची पाहिली तर २० एप्रिल हा दिवस २२ ऑगस्टच्या बरोबरीचा असतो, कारण दोन्ही दिवस २१ जूनपासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. म्हणजे एप्रिलच्या उत्तरार्धात हवा हिवाळ्याची आठवण ठेवून असली, तरी ऊन उन्हाळ्याचेच असते. खिडकीच्या काचेतून येणारा प्रकाश आपल्या डोळ्यांना लख्ख वाटतो, पण मोकळ्या आकाशाखाली मिळणाऱ्या प्रकाशाच्या तुलनेत तो फारच थोडा असतो, आणि अतिनील किरणांतील सर्वांत दाहक भाग तर साधी काच जवळजवळ पूर्णपणे अडवून धरते. काचेआड वाढलेल्या पानावरचे मेणाचे आवरण त्यामुळे पातळ राहते, अतिनील किरणांपासून पानाचे रक्षण करणारी द्रव्ये त्याच्यात पुरेशी तयार झालेली नसतात आणि वारा कधी न लागल्यामुळे खोडही सरळसोट व नाजूक राहते. असे पान एका दिवसात बदलत नाही. खरे तर जुने पान फारसे बदलतच नाही. बाहेर आल्यावर फुटणारी नवी पाने आरंभापासूनच वेगळ्या घडणीची येतात, आणि ती येईपर्यंत जुन्या पानांनी तग धरावा एवढीच व्यवस्था आपल्याला करायची असते. हे लक्षात आल्यापासून मी या कामाकडे थंडीशी झुंज म्हणून पाहणे सोडले. आधी ऊन, मग वारा आणि त्यानंतर थंडी, या क्रमाने मी आता विचार करते.

मामांच्या पद्धतीचा इथे जसाच्या तसा उपयोग होत नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्याकडे रोपवाटिकेतून ट्रेमधली रोपे येतात, शेडनेटखाली वाढलेली. लागवडीच्या आधी काही दिवस पाणी कमी करून त्यांना ताण देतात आणि हळूहळू उघड्यावर आणतात. तिथे हवा ऊबदार असल्याने सारे लक्ष ऊन आणि पाणी यांच्यावर ठेवता येते. इथे थंडी हा तिसरा घटक मध्ये येतो आणि पहिल्या दोघांचा मेळ बिघडवतो. सावकाश सवय लावायची तर सकाळचे कोवळे ऊन सर्वांत चांगले, असे आपण मानतो आणि आपल्याकडे ते बरोबरही आहे. परंतु मेच्या आरंभी इथे सकाळी सात वाजता पारा ५-६ अंशांवर असतो. मिरची, वांगी, टोमॅटो, दोडका ही सगळी उष्ण प्रदेशांतून आलेली पिके आहेत. गोठणबिंदूच्या बऱ्याच वर, साधारण १० अंशांच्या खाली तापमान गेले की त्यांची वाढ थांबते आणि तो गारठा लांबला तर पेशींना इजाही होते. हवा १० अंशांच्या वर जाईपर्यंत साडेनऊ-दहा वाजतात आणि तोवर ऊन कोवळे राहिलेले नसते. सौम्य ऊन आणि सोसेल अशी हवा सकाळी एकत्र मिळतच नाही.

या अडचणीवर उपाय सापडायला मला दोन वर्षे लागली. घड्याळे उन्हाळी वेळेनुसार एक तास पुढे केलेली असल्यामुळे न्यूरेंबर्गमध्ये सूर्य खऱ्या अर्थाने माथ्याकडे येतो तो दुपारी सव्वाच्या सुमारास, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्यास्त होतो साडेआठच्या पुढे. दिवसातली सर्वांत ऊबदार हवा दुपारी चारनंतर मिळते आणि सहानंतरचे ऊन तिरपे, मवाळ झालेले असते. म्हणजे कोवळे ऊन मला हवे असेल, तर ते संध्याकाळी शोधले पाहिजे. आमची बाल्कनी आग्नेयेकडे असल्याने तिथे दुपारनंतर ऊन राहत नाही. मात्र इमारतीमागे पश्चिमेकडे तोंड असलेली मातीची एक अरुंद पट्टी आम्हा भाडेकरूंना वापरायला दिलेली आहे. यंदा मी रोपांची सवय तिथूनच सुरू केली.

आरंभ १ मे रोजी केला. त्या दिवशी जर्मनीत कामगार दिनाची सुटी असते आणि आमच्या घरात महाराष्ट्र दिन म्हणून पुरणपोळी होते, त्यामुळे दिवसभर घरी राहून रोपांवर लक्ष ठेवणे शक्य होते. आकाश ढगाळ, वारा जवळपास नाही, कमाल तापमान १५ अंश. पहिल्या दिवसासाठी याहून चांगली हवा मागता आली नसती. भाजीच्या दोन प्लास्टिकच्या क्रेटमध्ये २० कुंड्या बसवल्या, क्रेट जिन्याने खाली नेले आणि भिंतीच्या आडोशाला दीड तास ठेवून परत आणले. क्रेटमध्ये ठेवण्याचे दोन फायदे आहेत. कुंड्या कलंडत नाहीत आणि त्यांची बुडे थंड फरशीला थेट टेकत नाहीत. पूर्वी मी कुंड्या बाल्कनीच्या फरशीवरच ठेवत असे. हवा १४ अंशांची असली तरी रात्रभर गार पडलेली फरशी कुंडीतल्या मूठभर मातीची ऊब ओढून घेते, हे मातीत बोट घातल्यावर कळले.

पुढचे तीन दिवस केवळ सावलीचे होते, दोन तासांपासून चार तासांपर्यंत वाढवत नेलेले. ऊन पडलेच तर अडवायला मी कपडे वाळवायच्या स्टँडवर आईची एक जुनी, धुऊन धुऊन विरलेली सुती साडी एकपदरी पसरून ठेवते. शेडनेट इथे विकत मिळते, पण या साडीतून झिरपणारा प्रकाश मला अधिक मऊ वाटतो आणि ती वाऱ्याचा जोरही मोडते. पाचव्या दिवशी पहिले उघडे ऊन दिले, संध्याकाळी साडेसहा ते सव्वासात. सहाव्या दिवशी सहा वाजता, सातव्या दिवशी साडेपाच वाजता, अशा रीतीने उन्हाचा आरंभ रोज थोडा अलीकडे आणत नेला. प्रत्येक वेळी आत आणल्यावर वरच्या तीन पानांची तकाकी पाहायची. ती किंचितही कमी वाटली तर दुसऱ्या दिवशी वेळ वाढवायची नाही, एवढाच नियम मी पाळला. कुणी सात दिवस सांगते, कुणी तीन आठवडे. माझ्या मते दिवस मोजण्यापेक्षा पान पाहणे अधिक भरवशाचे आहे.

वाऱ्याची तयारी मात्र मी बाहेर नेण्याच्या कितीतरी आधी, मार्चपासूनच सुरू केली होती. रोज येता-जाता तळहाताने रोपांचे शेंडे अलगद दहा-बारा वेळा एकीकडून दुसरीकडे झुकवायचे, एवढेच ते काम. सतत स्पर्श झालेले खोड बुटके आणि जाड होते, या घटनेचा अभ्यास करून अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एम. जे. जॅफी यांनी १९७३ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले. वाऱ्याने हलणाऱ्या झाडात जे घडते तेच हाताने हलवल्यावरही घडते. असे असूनही पुढे एके दिवशी जो वारा सुटला त्याला माझ्या तळहाताची सवय पुरेशी नव्हती. दुपारी दोन तासांत टोमॅटोच्या पानांच्या कडा एकमेकींवर घासून काळपट झाल्या आणि वांग्याच्या चारही रोपांनी माना टाकल्या. माझा हात पाण्याच्या झारीकडे गेला होता. मामांची जुनी सूचना आठवली म्हणून थांबले. "तहान लागलीय की नाही ते पानाला विचारू नकोस, कुंडी उचलून बघ," असे ते म्हणतात. कुंडी उचलली तर ती चांगली जड होती. मातीत पाणी भरपूर होते, पण माती गार असल्याने मुळे ते पुरेशा वेगाने वर चढवू शकत नव्हती आणि वर वारा पानांतून पाणी झपाट्याने ओढत होता. अशा वेळी आणखी पाणी घातले असते तर माती आणखी गार झाली असती आणि मुळांना हवाही मिळाली नसती. रोपे आत आणून, उन्हापासून दूर, खोलीच्या मध्यभागी ठेवली. रात्री नऊपर्यंत माना पुन्हा ताठ झाल्या. तेव्हापासून पाणी फक्त सकाळी, खोलीच्या तापमानाचे, आणि कुंडी हलकी लागली तरच, हे ठरून गेले. ताण देण्याची मामांची पद्धत मी इथे फार जपून वापरते. इवल्या कुंडीतली माती वाऱ्यात एका दिवसात ठणठणीत कोरडी होते आणि त्या अवस्थेत दिलेला ताण रोपाला काटक करत नाही, खुरटवतो.

थंडीबद्दल इथल्या लोकांची एक जुनी शिस्त आहे आणि तिच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. मेच्या मध्यावर येणाऱ्या चार-पाच संतांच्या दिवसांना ते 'आइसहायलिगन', म्हणजे 'बर्फाचे संत' म्हणतात. दक्षिण जर्मनीत १२ मेच्या पांक्राट्सपासून हे दिवस धरतात आणि १५ मेच्या 'काल्टे सोफी'ने, म्हणजे 'थंडगार सोफी'ने ते संपतात. आमच्या शेजारी राहणाऱ्या, ऐंशीच्या घरातील बाई दर वर्षी माझे क्रेट पाहून म्हणतात, "रोपं छान आहेत हो तुमची, पण सोफी जाईपर्यंत जमिनीत लावू नका." ही समजूत १५८२ च्या दिनदर्शिका-सुधारणेच्या आधीची असल्यामुळे आणि त्या सुधारणेत दहा दिवस गाळले गेल्यामुळे, ज्या हवामानाचा तो अनुभव आहे ते दिवस आजच्या तारखांत मेच्या विशीत पडतात. म्हणून मी सोफी झाल्यावरही चार दिवस थांबते. २०२४ चा एप्रिल आठवला की हे थांबणे अवघड वाटत नाही. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्याअखेर दक्षिण जर्मनीत पारा काही ठिकाणी ३० अंशांच्या आसपास गेला होता, लोक अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत फिरत होते आणि माझेही मन रोपे बाहेर काढण्याकडे धावले होते. त्याच महिन्याच्या चौथ्या आठवड्यात अशी कडक हिमरात्र आली की आमच्या फ्रांकन प्रदेशातील द्राक्षमळ्यांचे कोवळे कोंब करपून काळे पडले.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहायला हवी, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहे. सवय लावल्याने टोमॅटो किंवा मिरची हिम सोसू लागत नाही. कोबीसारखी थंड हवेची पिके हळूहळू गारठ्यात ठेवली तर त्यांच्या पेशींत खरोखरच गोठणे सहन करण्याची ताकद वाढते; आमच्याजवळच्या 'क्नोब्लाउख्सलांड' या भाजीपाल्याच्या पट्ट्यात वसंतात पांढऱ्या तलम कापडाखाली शेतेच्या शेते उभी असतात ती अशाच पिकांच्या जोरावर. उष्ण प्रदेशातल्या झाडांत ती ताकद मुळातच नाही. त्यांच्या बाबतीत आपण ऊन आणि वारा यांची तयारी करून घेत असतो, आणि गारठ्यात फक्त १०-१२ अंशांवर न कुरकुरता उभे राहण्याची. यंदा टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळी झाली होती. गार मातीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलता येत नाही, त्याची ती खूण असते आणि माती ऊबदार झाली की ती आपोआप जाते. मी खत घातले नाही.

१३ मेच्या रात्रीसाठी हवामान खात्याने किमान ४ अंशांचा अंदाज दिला होता. तोवर रोपे दिवसभर बाहेर राहू लागली होती आणि आदल्या दोन रात्री, ९ अंशांत, बाल्कनीतच निजली होती. हवामान खात्याचा आकडा जमिनीपासून २ मीटर उंचीवरच्या हवेचा असतो. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली ऊब आकाशाकडे सोडत राहते आणि जमिनीलगतची हवा त्याहून कित्येक अंश खाली उतरते. कमाल-किमान दाखवणारे दोन तापमापक मी त्या रात्री लावले, एक बाल्कनीत भिंतीला आणि दुसरा मागच्या पट्टीत जमिनीपासून वीतभर उंचीवर. सकाळी बाल्कनीने ६ अंश दाखवले, पट्टीने १ अंश. गवतावर पांढरे दव गोठले होते. रोपे रात्री साडेनऊलाच घरात आणली होती. फक्त दोडक्याची एक कुंडी, वेलाला चढायला लावलेल्या जाळीच्या मागे राहिल्याने, पट्टीतच विसरली गेली. सकाळी तिची पाने भिजल्यासारखी, काचेसारखी पारदर्शक दिसत होती आणि दुपारपर्यंत गळून पडली. ते रोप मी वाचवू शकले नाही. रोज रात्री कुंड्या मोजायच्या, हा साधा नियम मी त्या दिवसापासून भिंतीवर लिहून ठेवला आहे, कारण चूक हवामानाची नव्हती, माझी होती, आणि दोडक्याचे बी इथे सहज मिळतही नाही. गावाहून येताना पुडी आणावी असे प्रत्येकाला वाटते, परंतु डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून पेरणीचे बी आणायला वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे मी इथल्याच विक्रेत्यांकडून घेते आणि एकेक बी जपते.

सोफीचा दिवस गेला तोपर्यंत उरलेल्या १९ रोपांचे रूप पालटले होते. खिडकीतली जुनी पाने फिकट, रुंद आणि मऊ होती. बाहेर फुटलेली नवी पाने लहान, गडद हिरवी आणि बोटांना जाडसर लागणारी होती. मिरचीच्या खोडावर तळाशी लाकडासारखी खरबरीत छटा आली होती. उंची मात्र या दिवसांत जेमतेम दोन सेंटिमीटरने वाढली. पहिल्या वर्षी मला ही खुंटलेली वाढ पाहून वाईट वाटले असते. आता मी ती पाहते आणि मुळांवर विसंबते. कुंडी उलटी करून पाहिली तर पांढऱ्या मुळांची दाट जाळी मातीभोवती बसलेली दिसते.

१९ मे रोजी सायंकाळी, आकाश ढगाळ असताना, टोमॅटो आणि मिरच्या मागच्या पट्टीत लावल्या. टोमॅटो पहिल्या पानांपर्यंत खोल पुरला, कारण त्याच्या खोडाला मातीत मुळे फुटतात. मिरची होती तेवढ्याच खोलीवर लावली. वांगी लावली नाहीत. आपल्या मातीतले हे झाड या चौघांत सर्वांत गारठकातर निघते, असा माझा दरवर्षीचा अनुभव आहे. त्यांना मोठ्या काळ्या कुंड्यांत घालून बाल्कनीत भिंतीलगत ठेवले, तिथे माती लवकर तापते. दोडकाही अजून कुंडीतच आहे. कढीपत्त्याचे झाड तर जून उजाडेपर्यंत मी उंबऱ्याबाहेर नेत नाही. पट्टीतल्या रोपांवर पहिल्या तीन रात्री चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचे तलम पांढरे कापड टाकले होते आणि पहिले तीन दिवस, दुपारी बारा ते तीन, आईची तीच साडी.

काल सकाळी कापड घडी करून ठेवले. रात्री १० अंश होते. टोमॅटोच्या शेंड्यांवर दव होते आणि वारा असूनही एकाही रोपाने मान टाकलेली नव्हती.